हापूस इम्पोर्ट होत नाही

मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा आमच्या सोसायटीत समज आहे. तो कोणी पसरवला याची चौकशी झाली तर धागेदोरे थेट माझ्याच दाराशी येतील, म्हणून मी तो विषय काढत नाही. बँकेत असताना प्रिंटर अडकला की मला बोलावत. मी तो बंद करून पुन्हा चालू करी. एवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर मी सोसायटीचा आयटीवाला झालो. कोणाच्या फोनमध्ये फोटो मावत नाहीत, कोणाचा ओटीपी येत नाही, मी चष्मा कपाळावर चढवून "बघू" म्हणतो. निम्म्या तक्रारी त्या "बघू"नेच मिटतात.

२०२४च्या एप्रिलमध्ये माझ्या या कीर्तीला एका पेटीने तडा गेला. माझ्या शब्दावर चार बिऱ्हाडांनी मिळून आंब्याची पेटी घेतली. पेटीवर 'अस्सल देवगड' असं ठळक छापलेलं. घरी येऊन उघडली तर आंब्यांखाली अंथरलेला पेपर कानडी. मी परत जाऊन विक्रेत्याला ठणकावलं, की हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, या जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "रद्दी काय साहेब, कुठूनही येते" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तसलीच पेटी बांधून दिली.

रविवारच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला पडला आणि पेटीचा निघाला. तेव्हा मी उभं राहून जाहीर केलं, की फोटो काढल्याबरोबर आंबा देवगडचा की बाहेरचा हे सांगणारा प्रोग्राम मी बनवतो. आजकाल मशीन लर्निंगने हे सहज होतं. मेअखेरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर देतो. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. हा माणूस टाकीची गळती कधी लिहून घेत नाही.

घरी ही म्हणाली, "साका फोटोत दिसतो का?"

मी म्हटलं, साका हा पुढचा टप्पा.

"आणि वास?"

बायका तांत्रिक विषयात फार मुळाशी जातात.

सामग्री जमवणं सोपं होतं. हिच्या मावसभावाची जामसंड्याला बाग आहे. तिथून आलेल्या आंब्यांच्या जातीविषयी शंका घेणं म्हणजे सासरशी वैर. हा प्रत्येक आंबा खाण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्टीलच्या ताटात ठेवून मी त्याचा फोटो काढला. कानडी पेपरवाल्या आंब्यांची मात्र वेगळी सोय करावी लागली. "त्या मेल्यांना माझी ताटं मिळणार नाहीत," असा निकाल लागल्यामुळे त्यांचे फोटो गॅलरीत, पेपरवर ठेवून काढले.

मशीन लर्निंगची पहिली इयत्ता सगळ्यांची एकच असते, आयरिसच्या फुलांची. तीन जाती, प्रत्येकीची पन्नास, अशी १५० फुलं आणि दर फुलाची चार मापं. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती जमवली, रोनाल्ड फिशरने १९३६मध्ये त्यांवर निबंध लिहिला आणि आजही बहुतेक नवशिके तीच फुलं ओळखायला शिकतात. मी हिशोब मांडला: दीडशे फुलांत तीन जाती, तर सहा डझन आंब्यांत दोन जाती आरामात. फिशर हा विसाव्या शतकातला अव्वल संख्याशास्त्रज्ञ होता, हा मुद्दा माझ्या हिशोबात आला नाही.

लॅपटॉप भाच्याने दिलेला. तो इंजिनिअरिंगला असताना वापरायचा. पुण्यात नोकरी लागली, नवा घेतला आणि जुना "मामा, तुला होईल" म्हणून माझ्याकडे आला. त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आधीपासून होती. निम्मं काम झालं, असं समजून मी काळी खिडकी उघडली आणि व्हिडिओतल्या मुलाने टाइप केलं होतं ते टाइप केलं: पिप इन्स्टॉल टेन्सरफ्लो. मशीन लर्निंगची ही लायब्ररी गूगलने २०१५च्या नोव्हेंबरात सगळ्यांना खुली करून दिली. व्हिडिओतला मुलगा हे सांगेपर्यंत त्याच्याकडे ती इन्स्टॉलही झाली होती.

माझ्याकडे लाल अक्षरं आली. टेन्सरफ्लोची जुळणारी आवृत्ती सापडत नाही. आणि कंसात, उपलब्ध आवृत्त्या: एकही नाही.

पायथनला ते नाव 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कंपूवरून मिळालंय, आणि पायथनच्या लायब्रऱ्या जिथून येतात त्या भांडाराला जुनी मंडळी चीज शॉप म्हणत. तेही त्याच कंपूच्या एका प्रहसनावरून. त्यात गिऱ्हाईक चीजच्या दुकानात जाऊन एकामागून एक चीजची नावं घेतं आणि दुकानात एकही चीज नसतं. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर त्या कंसाचा एवढा धसका घेतला नसता. तेव्हा मात्र मला खरंच वाटलं, की टेन्सरफ्लो जगातून संपलं. हंगामात मागणी असणार.

भाच्याला फोन लावला.

"मामा, पायथन बत्तीस बिटचं आहे का?"

"किती बिट आहेत ते बघून सांगतो."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने कुठे बघायचं ते सांगितलं. होतंच बत्तीसचं, शिवाय ३.७ आवृत्तीचं. टेन्सरफ्लो फक्त चौसष्ट बिटच्या पायथनसाठी बांधलेलं असतं. बत्तीसवाला दारात आला की लायब्रऱ्या आणून देणाऱ्या पिपला त्याच्या मापाचं काहीच दिसत नाही आणि ते 'एकही नाही' म्हणून मोकळं होतं. 'तुमचं पायथन बत्तीस बिटचं आहे' एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? पण बँकेतही आम्ही 'फॉर्म चुकलाय' एवढंच सांगत असू, काय चुकलंय ते नाही. तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची!

मग मी पायथन ३.१२ उतरवून घेतलं, चौसष्ट बिटचं. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर अगदी तळाशी, पायथनला पाथमध्ये घालायचं का असं विचारणारा एक चौकोन असतो. तो रिकामा असतो. आयुष्यभर लोकांकडून फॉर्मचे रिकामे चौकोन भरून घेतलेला मी, त्या चौकोनाकडे बघितलंसुद्धा नाही आणि 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं.

आता घरात दोन पायथन नांदू लागले. इन्स्टॉल करताना मी भाच्याने सांगितलेला 'पीवाय'वाला हुकूम दिला. तो सगळ्यात नव्याकडे गेला. साडेतीनशे एमबीहून मोठी लायब्ररी उतरली, हिरवी पट्टी शेवटपर्यंत सरकली, मी हिला बोलावून ती पट्टी दाखवली. मग सवयीने नुसतं 'पायथन' टाइप केलं आणि लिहिलं: इम्पोर्ट टेन्सरफ्लो.

टेन्सरफ्लो नावाचं मॉड्यूल नाही.

पुन्हा इन्स्टॉल करायला गेलो तर उत्तर आलं, ही मागणी आधीच पूर्ण झाली आहे. परत इम्पोर्ट केलं तर मॉड्यूल नाही. इन्स्टॉल, आहे. इम्पोर्ट, नाही. दुपारची झोप गेली. संध्याकाळी शेवटी 'व्हेअर पायथन' असं विचारलं, तर कॉम्प्युटरने पत्ते काढून दिले. एक भाच्याच्या जुन्या बत्तीस बिटवाल्याचा. दुसरा शून्य बाइटच्या एका फाइलचा. ती पायथन नसतेच, ती नुसतं मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचं पान उघडते. आणि ज्याच्यात मी साडेतीनशे एमबी ओतले होते, त्याचा त्या यादीत पत्ताच नव्हता. तो रिकामा चौकोन भरला असता तर असता.

"मामा, पायथनलाच सांग ना पिप चालवायला," भाचा म्हणाला. म्हणजे 'पायथन, डॅश एम, पिप' असं लिहायचं. मग ज्याच्यात इम्पोर्ट करणार त्याच्याच पोटात सामान जातं. मी ते कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी लिहून ठेवलं. महिनाअखेरीला दूधवाल्याने ते खाडे समजून पैसे कमी घेतले. या प्रकल्पातून झालेला हा एकमेव आर्थिक लाभ.

जुना पायथन काढला, नवा पाथमध्ये घातला, इम्पोर्ट केलं. या वेळी मॉड्यूल सापडलं. सापडलं हे कळलं कसं, तर आता एका ओळीऐवजी पानभर मजकूर आला. अमुक फाइल, ओळ तमुक, तिच्यातून दुसरी फाइल, तिच्यातून तिसरी, आणि तळाशी, अंडरस्कोअर पायरॅप टेन्सरफ्लो इंटर्नल आणताना डीएलएल लोड झाली नाही, तिची सुरुवातीची प्रक्रिया फसली. पानभर मजकूर वाचून हाती काय लागलं, तर कोण पडलं त्याचं नाव. कोणी पाडलं ते नाही.

मी त्या नावाची फाइल शोधली. होती. चांगली धडधाकट, भल्या मोठ्या आकाराची होती. फाइल समोर आहे आणि यंत्र म्हणतंय जमत नाही, यावर माझा तोल गेला आणि मी स्क्रीनकडे बोट दाखवून "ही काय मग?" असं मोठ्याने विचारलं. ही आतून म्हणाली, "सापडली का? मग गवार निवडायला या."

भाच्याने आधी प्रोसेसर विचारला. टेन्सरफ्लोच्या तयार प्रती १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स नावाच्या सूचना येणाऱ्या प्रोसेसरसाठीच बांधतात. माझ्याला त्या येत होत्या, तो धोका टळला. मग म्हणाला, "व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल आहे का बघ." मी यादी उघडली. आहे! एक नव्हे, दोन-तीन आहेत. "वर्ष कोणतं?" वर्षं मी चढत्या आवाजात वाचली आणि वाचता वाचताच माझा आवाज उतरला. टेन्सरफ्लोचं पोट सी प्लस प्लसचं आहे, पायथन हे वरचं सालपट. आणि त्या पोटाला लागणारी मायक्रोसॉफ्टची ती फाइल नुसती असून भागत नाही, ताजी लागते. माझ्याकडची भाच्याच्या दुसऱ्या सेमिस्टरमधल्या कुठल्याशा गेमबरोबर आली होती. नवी घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चला, निदान माझ्या मूळ कौशल्याचा उपयोग झाला.

एव्हाना मे उजाडला होता. लिफ्टमध्ये लोक "काय, आंबा कुठपर्यंत आलाय?" विचारू लागले होते. मी "मॉडेल तयार आहे, लायब्रऱ्यांचं थोडं बाकी आहे" असं सांगे. हे वाक्य कोणालाच कळत नसल्यामुळे फार टिकलं.

बाकी लायब्रऱ्यांचं प्रकरण म्हणजे रेशनकार्डावरचं नाव एक आणि घरात हाक मारायचं दुसरं. प्रोग्राममध्ये लिहायचं 'इम्पोर्ट सीव्ही टू', पण पिपकडे मागायचं 'ओपनसीव्ही डॅश पायथन'. इम्पोर्ट 'पीआयएल', मागायचं 'पिलो'. इम्पोर्ट 'एसकेलर्न', मागायचं 'सायकिट-लर्न'. मी प्रत्येकाला घरच्या नावाने हाक मारत बसलो. त्यातल्या एसकेलर्नने तेवढा मोठेपणा दाखवला: त्या नावाचं पाकीट भांडारात ठेवलेलं आहे, पण ते उतरवायला गेलं की ते स्वतःच सांगतं, मी नव्हे, सायकिट-लर्न मागा. या सबंध प्रकरणात माझ्याशी माणसासारखं बोललेला हा पहिला एरर. त्याचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ते मिळालं, तर व्हिडिओतल्या मुलाची ओळ चालेना. 'एसकेलर्न डॉट क्रॉस व्हॅलिडेशन' नावाचं मॉड्यूल नाही. मी पिपकडे क्रॉस व्हॅलिडेशन वेगळं मागणारच होतो, इतक्यात व्हिडिओची तारीख बघितली. ते मॉड्यूल लायब्ररीने २०१८मध्ये काढून टाकलं. त्यातला मजकूर 'मॉडेल सिलेक्शन'मध्ये हलवला. मुलगा खोटं बोलत नव्हता. व्हिडिओ केला तेव्हा ते होतं. एव्हाना तो मुलगा दोन मुलांचा बाप झाला असेल.

यानंतरचं सांगायला जड जातं, पण सांगतो, कारण भाच्याने ते आधीच सगळ्या नातेवाइकांत सांगितलंय.

सगळं जागच्या जागी बसल्यावर मी प्रोग्रामची फाइल नीट नाव देऊन ठेवली. आजवर 'नवीन१', 'नवीन२', 'नवीन फायनल' अशी नावं देत आलो होतो. म्हटलं, आता शिस्त हवी. फाइलमध्ये काय आहे? टेन्सरफ्लोचं काम. म्हणून नाव दिलं: टेन्सरफ्लो डॉट पीवाय. चालवली. उत्तर आलं, की टेन्सरफ्लो हे मॉड्यूल अर्धवटच सुरू झालंय, त्यात आवृत्ती नावाचं काही नाही, आणि बहुधा चक्राकार इम्पोर्टमुळे असं झालं असावं.

चक्राकार म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी टेन्सरफ्लो काढून परत घातलं. तोच निरोप. पुन्हा काढून पुन्हा घातलं. तोच. व्हिज्युअल सी प्लस प्लस परत घातलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर 'टेन्सरफ्लोच्या नव्या आवृत्तीत दोष आढळला आहे' असं जाहीर केलं. त्याला नऊ अंगठे आले. शेवटी भाच्याने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला सांगितली. त्याने पाहिलं आणि तो खुर्चीवरून दिसेनासा झाला. परत वर आला तेव्हा डोळे पुसत होता.

"मामा, इम्पोर्ट म्हटलं की पायथन आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधतं. तिथे त्याला टेन्सरफ्लो मिळालं. ते तू आहेस."

म्हणजे गेला आठवडाभर जगातल्या नामांकित इंजिनिअरांची लायब्ररी दारात उभी होती आणि मी आत स्वतःलाच बोलावत बसलो होतो. फाइलचं नाव बदलून 'आंबा' केलं.

आणि टेन्सरफ्लो इम्पोर्ट झालं.

पण हे मला कळलं नाही. कारण इम्पोर्ट झाल्यावरही खिडकीत दोन-तीन ओळींचा मजकूर आला. वनडीएनएन नावाचं काहीतरी चालू आहे, त्यामुळे आकडेमोडीत किंचित वेगळी उत्तरं येऊ शकतात. ओळीच्या आरंभी, तारीख-वेळेपुढे, एकटं 'आय' हे अक्षर होतं. त्याचा अर्थ फक्त माहितीसाठी, काळजी नसावी. पण इतके दिवस लाल ओळी वाचलेल्या माणसाला माहिती आणि धमकी यांतला फरक उरत नाही. शिवाय मी बँकेतला. किंचित वेगळी उत्तरं! आमच्याकडे सहा पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत थांबवून घेत. मी ठरवलं, आकडेमोडीचा दोष आहे तर आकडेमोडीची लायब्ररी ताजी करावी. तिचं नाव नमपाय. हुकूम दिला: नमपाय अपग्रेड कर.

तेव्हा जूनचा उत्तरार्ध होता. नमपायची २.० आवृत्ती त्याच महिन्याच्या १६ तारखेला आली होती, २००६नंतरचा पहिला मोठा पालट. मी अपग्रेड करताच पिपने सांगितलं, की टेन्सरफ्लोला दोनच्या आतलं नमपाय लागतं आणि तुमच्याकडे आता २.० आहे, हे जुळत नाही. सांगितलं, पण घालून झाल्यावर. पुढच्या इम्पोर्टला खिडकी पुन्हा भरली: नमपाय एकच्या काळात बांधलेलं मॉड्यूल नमपाय दोनमध्ये चालवता येत नाही, कोसळू शकतं. चालू झालेली गाडी मी दुरुस्त करून बंद पाडली होती.

"दोनपेक्षा कमीचं घाल," भाचा म्हणाला. मी 'पिप इन्स्टॉल नमपाय', मग 'पेक्षा कमी'ची खूण, मग दोन, असं टाइप केलं. उत्तर: सांगितलेली फाइल सापडत नाही. कोणती फाइल? कुठली फाइल? मी फाइल मागितलीच नव्हती! पण काळ्या खिडकीत ती खूण अवतरणात घातली नाही तर तिचा अर्थ 'पेक्षा कमी' असा होत नाही; 'दोन' नावाच्या फाइलमधून वाचून घे, असा होतो. आणि 'दोन' नावाची फाइल माझ्याकडे नव्हती. यापूर्वी जे जे सापडत नव्हतं ते निदान अस्तित्वात तरी होतं.

पुढचं भाच्याने लांबूनच, माझ्या माउसचा ताबा घेऊन केलं. 'मामा, हात लावू नकोस' असं म्हणत वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवलं, म्हणजे या एका प्रोग्रामपुरती वेगळी चूल. त्यात मोजून मापून आवृत्त्या घातल्या, त्यांची यादी फाइलमध्ये लिहून ठेवली. कॉफी निवायच्या आत झालं. मग माझे फोटो घेऊन मॉडेल शिकवलं आणि पडताळून पाहिलं. बाजूला ठेवलेला एकूण एक फोटो त्याने बरोबर ओळखला. भाचा जरा गप्प झाला आणि म्हणाला, "मामा, एवढं अचूक येत नाही सहसा." मी म्हटलं, तुमच्या कंपनीत येत नसेल.

बाहेर पाऊस धरला होता आणि बाजारात आंबा औषधालाही उरला नव्हता. पण प्रात्यक्षिक तर द्यायचं होतं. सेक्रेटरी आणि दोन शेजारी चहाला आले. काही नाही तर नाही, निदान बाहेरचं फळ ते नाकारतं एवढं तरी दाखवावं, म्हणून मी हिच्याकडून टोपलीतला एक बटाटा मागून घेतला, तो टेबलावर ताटात ठेवला, फोटो काढला आणि लॅपटॉप मंडळींकडे वळवला.

देवगड हापूस. ९७ टक्के.

कोणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी एकदा बटाट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ही ओट्यापासून आली, ताटाकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं. तिच्या काय ते ध्यानात आलंच. तिने बटाटा उचलला.

"राहिलेले तीन टक्के साल असेल," ती म्हणाली, "सोलून टाकते."